किलोच्या भावाने विकलेली गाडी

भंगाराच्या दुकानात गाडीला नाव नसते. काट्यावर चढण्याआधीच तिचे तुकडे पडतात. पोलादी सांगाडा एका ढिगात, बिडाचा सिलिंडर दुसऱ्यात, इंजिनाचे ॲल्युमिनियमचे कवच तिसऱ्यात आणि तांब्याची वायर वेगळ्या पोत्यात. प्रत्येक धातूचा भाव निराळा असतो, त्यामुळे जी वस्तू काल ‘जावा’ किंवा ‘राजदूत’ होती ती आज चार रकमांची बेरीज असते. या बेरजेत एक गोष्ट कुठेच धरली जात नाही : हे धातू एकमेकांशी कसे जुळवले होते, हे ज्ञान. लोखंड किलोवर विकता येते. जुळणी किलोवर विकता येत नाही, म्हणून काट्यावर ती फुकट जाते.

कोल्हापुरात या गोष्टीला खास स्थानिक रंग आहे. हे शहर ओतकामाचे. शिवाजी उद्यमनगर, वाय. पी. पोवार नगर, शिरोली, गोकुळ शिरगाव या पट्ट्यातल्या फौंड्र्यांच्या भट्ट्यांना कच्च्या लोखंडाबरोबर भंगारही लागते. इथे मोडीत गेलेल्या मोटारसायकलचा सिलिंडर वितळून एखाद्या पंपाचा किंवा ट्रॅक्टरचा भाग होऊन बाहेर पडू शकतो. आणि ज्या गल्लीत तो वितळतो, त्याच्या शेजारच्याच गल्लीत तो सिलिंडर बोअर करून पुन्हा चालता करणारा लेथवाला बसलेला असतो. गाडी भट्टीत जाणार की लेथवर, हे बहुधा कुणाच्या नजरेला ती आधी पडते यावर ठरते.

जुन्या लहान मोटारसायकली भंगारातून उचलून पुन्हा उभ्या करण्याचा नाद गेल्या काही वर्षांत वाढला आहे. त्याकडे श्रीमंती हौस म्हणून पाहण्याची रीत आहे. प्रत्यक्षात या कामात धातुशास्त्र आहे, रसायन आहे, कायदा आहे आणि इतिहासलेखनाला नेहमी छळणारा प्रश्नही आहे : जुने जपायचे म्हणजे नेमके काय जपायचे? या लेखात एक लहान दोन-ठोकी गाडी डोळ्यांपुढे ठेवून हे सारे पायरीपायरीने पाहू.

या गाड्या आल्या कुठून

‘जावा’ हे नाव दोन नावांच्या पहिल्या अक्षरांतून आले. प्राग शहरातले शस्त्रनिर्माते फ्रांतिशेक यानेचेक यांनी १९२९ मध्ये जर्मनीच्या ‘वाँडरर’ कंपनीकडून मोटारसायकल बनवण्याचे हक्क घेतले. यानेचेकमधले ‘जा’ आणि वाँडररमधले ‘वा’ मिळून जावा झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर या कारखान्याची २५० सीसीची दोन-ठोकी गाडी जगभर गेली. भारतात ती आधी आयात होत असे. पुढे रुस्तम आणि फारुख इराणी यांनी म्हैसूरला ‘आयडियल जावा’ हा कारखाना काढला आणि १९६१ पासून तिथे गाड्या बनू लागल्या. चेक कंपनीशी असलेला परवाना संपल्यावर १९७३ पासून हीच गाडी ‘येझदी’ या नावाने विकली जाऊ लागली. १९७८ मध्ये ‘रोडकिंग’ आली आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला.

राजदूतची वंशावळही अशीच परदेशी. एस्कॉर्ट्स कंपनीची १७५ सीसी वर्गातली ही गाडी पोलंडच्या ‘एसएचएल’ मोटारसायकलवर बेतलेली होती. तिचा जाड पत्रा खेड्यातल्या रस्त्यांना मानवला. तिच्याच घराण्यातली छोटी राजदूत ‘बॉबी’ चित्रपटात दिसली आणि त्याच नावाने ओळखली गेली. १९७२ मध्ये फिरोदियांच्या ‘कायनेटिक’ने ५० सीसीची लूना आणली. तिच्या मागे इटलीची मोपेड होती. ऐंशीच्या दशकात जपानी सहकार्याने १०० सीसीच्या हलक्या गाड्या आल्या आणि जुन्या जड दोन-ठोकी गाड्या मागे पडू लागल्या. मग प्रदूषणाचे १९९६ आणि २००० चे नियम आले. तेल जाळत चालणाऱ्या दोन-ठोकी मोटारसायकलींची वाट त्यानंतर हळूहळू बंदच झाली.

म्हणजे या गाड्या कारखान्यातून गेल्या, दुकानातून गेल्या, त्यांचे सुटे भागही बाजारातून गेले. ‘जावा’ हे नाव २०१८ मध्ये नव्या मोटारसायकलींवर परत आले, पण त्या गाड्या चार-ठोकी आहेत. त्यांचा पिस्टन जुन्या सिलिंडरला लागत नाही. जुन्या गाडीला आता कारखाना पाठीशी नाही. तिला आधार उरला तो मिस्त्रीचा.

कोल्हापूरला हे का जमते

यंत्र उघडायचे, समजून घ्यायचे आणि हाताशी असेल त्यातून पुन्हा उभे करायचे, ही कोल्हापूरची जुनी खोड आहे. तिचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण मोटारीचे नाही, कॅमेऱ्याचे आहे. विलायती कॅमेरा परवडत नव्हता आणि मिळतही नव्हता, तेव्हा बाबूराव पेंटर यांनी १९१८ च्या सुमारास कोल्हापुरातच चित्रीकरणाचा कॅमेरा तयार केला. त्या कामात विष्णुपंत दामले त्यांच्याबरोबर होते. ‘सैरंध्री’ हा मूकपट १९२० मध्ये पडद्यावर आला तो या खटपटीच्या जोरावर. रंगाचा ब्रश धरणारे हात आणि दात्यांची चाके जुळवणारे हात इथे वेगळे नव्हते, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

त्यामागे शेतीची गरजही होती. उसाचे चरक, पाणी उपसणारी ऑईल इंजिने आणि त्यांचे मोडलेले भाग यांवर उद्यमनगरचे कारागीर घडले. हंगामात चरक बंद पडला तर परगावाहून भाग येण्याची वाट पाहणे शेतकऱ्याला परवडत नसे. ‘नमुना ठेवून जा, संध्याकाळी या’ या पद्धतीच्या कामातून एक शिस्त तयार झाली : तुटलेल्या भागावरून मूळ भागाचे माप काढायचे. जुन्या गाडीच्या कामाला नेमकी हीच शिस्त लागते.

जुनी गाडी चालती ठेवण्याचे मोल या शहराला सार्वजनिक रीतीनेही ठाऊक आहे. दसऱ्याला छत्रपती घराण्याची १९३० च्या दशकातली जर्मन ‘मेबॅक’ मोटार सीमोल्लंघनासाठी दसरा चौकात येते, तेव्हा माणसे तिच्याकडे वळून पाहतात. मेबॅकला राजघराणे आहे. लूना, राजदूत आणि जावा यांना शिक्षक, दूधवाले, कंपाउंडर आणि गुऱ्हाळमालक होते. त्यांच्या गाड्यांसाठी वस्तुसंग्रहालय कुणी बांधत नाही, म्हणून त्या भंगारात सापडतात.

आधी हात बांधून बसायचे

भंगारातून गाडी आणली की पहिला मोह होतो तो किक मारून पाहण्याचा. तो आवरावा. वर्षानुवर्षे बंद असलेल्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा गंजाने सिलिंडरला चिकटलेल्या असतात. जोर लावला की रिंग तुटते आणि तिचा तुकडा सिलिंडरला ओरखडा पाडतो. त्यातून गाडी २०१९ किंवा २०२१ च्या महापुरात बुडालेली असेल तर इंजिनाच्या पोटात पंचगंगेचा गाळ बसलेला असू शकतो. बारीक गाळ बेअरिंगमध्ये घासपट्टीसारखे काम करतो. म्हणून प्लग काढून सिलिंडरमध्ये पातळ तेल सोडायचे आणि काही दिवस नुसते थांबायचे.

त्या दिवसांत दुसरे काम करता येते : नोंद. गाडी जशी आली तशी चारही बाजूंनी छायाचित्रे काढावीत. कुठला नट कुठे होता, वायर कुठल्या बाजूने वळली होती, रंगाच्या थराखाली कुठला रंग दिसतो, हे सारे वहीत उतरावे. उत्खननात वस्तू थरातून उचलण्याआधी तिची जागा नोंदतात, तसेच हे आहे. एकदा सुटे केलेले यंत्र पुन्हा ‘जसे सापडले तसे’ कधीच होत नाही. तीन अक्षरी जुन्या नंबरप्लेटवरचे रंगवलेले आकडे, सीटखाली चिकटवलेले टायरच्या दुकानाचे कागद, टाकीवर कुणी कोरलेली आद्याक्षरे या गोष्टी रंगकामात सर्वांत आधी नाहीशा होतात आणि त्यांची नक्कल करता येत नाही.

याच वेळी सांगाड्यावरचा चासी नंबर आणि इंजिन नंबर साफ करून वाचावा व कागदपत्रांशी ताडून पाहावा. घासताना फक्त मऊ ब्रश आणि तेल वापरावे. कानस लावली तर उथळ ठोकलेले आकडे कायमचे पुसले जातात. आकडे पुसट झाले म्हणून पुन्हा ठोकून घेणे हा तर सरळ गुन्ह्याचा रस्ता आहे. आकडे जुळले नाहीत, किंवा विकणाऱ्याकडे आधीच्या मालकाचा कुठलाच कागद नसला, तर गाडी कितीही देखणी असो, तिथेच थांबणे शहाणपणाचे.

दोन ठोक्यांचा हिशेब

जावाचे इंजिन समजले की या साऱ्या घराण्याचे गणित समजते. तिच्या सिलिंडरचा व्यास ६५ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर. यावरून घनफळ निघते सुमारे २४९ घन सेंटिमीटर. चार-ठोकी इंजिनात दर दोन फेऱ्यांना एकदा स्फोट होतो, दोन-ठोकी इंजिनात दर फेऱ्याला. मिनिटाला ४,००० फेरे धरले तर सेकंदाला सुमारे ६७ स्फोट. शिवाय या इंजिनाला व्हॉल्व्ह नसतात. सिलिंडरच्या भिंतीत खिडक्या असतात आणि वरखाली होणारा पिस्टनच त्या उघडतो, झाकतो.

पिस्टन वर जातो तेव्हा त्याच्या खालच्या बंद पोकळीत, म्हणजे क्रँककेसमध्ये, पोकळी निर्माण होऊन कार्ब्युरेटरमधून पेट्रोल, तेल आणि हवा यांचे मिश्रण आत ओढले जाते. पिस्टन खाली येतो तेव्हा ते मिश्रण दाबले जाऊन बाजूच्या वाटेने सिलिंडरच्या वरच्या भागात चढते आणि जळालेला वायू बाहेर ढकलते. म्हणजे इंजिनाचे पोट हेच त्याचे पंप असते. हे ध्यानात आले की जुन्या गाडीच्या निम्म्या तक्रारींचे मूळ सापडते. क्रँकच्या दोन्ही टोकांना रबरी सील असतात. वर्षानुवर्षे पडून ते सुकतात, चिरतात. मग पोटात बाहेरची कोरडी हवा शिरते. मिश्रणातले पेट्रोल आणि तेल कमी पडते, पिस्टन तापून फुगतो आणि सिलिंडरला धरतो. मालक म्हणतो, ‘इंजिन धरले.’ नवा पिस्टन टाकून तो तीच गाडी पुन्हा धरवतो, कारण दोष पिस्टनचा नव्हताच. दोन-ठोकी इंजिन उघडले की सील बदलल्याशिवाय बांधायचे नाही, हा नियम म्हणून आहे.

क्रँक हा या कामातला सर्वांत अवघड भाग. तो एकसंध नसतो. दोन जड चकत्या एका पिनेवर दाबाने बसवलेल्या असतात आणि त्या पिनेवर कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग फिरते. बेअरिंग झिजले की चकत्या प्रेसवर उकलाव्या लागतात, नवी पिन आणि रॉड घालून पुन्हा दाबाव्या लागतात. त्यानंतर क्रँक लेथच्या दोन टोकांमध्ये धरून डायल गेज लावतात आणि फिरवून पाहतात. काटा मिलिमीटरच्या काही शतांश भागांपेक्षा जास्त हलला तर तांब्याच्या हातोडीने योग्य जागी एक ठोका. पुन्हा फिरवायचे, पुन्हा ठोका. हे काम पाहताना वाटते की मिस्त्री अंदाजाने मारतो आहे. तसे नसते. कुठल्या चकतीला, कुठल्या कोनात आणि किती जोराने मारायचे, हे गेजच्या काट्यावरून तो वाचत असतो.

सिलिंडरचे काम त्या मानाने सरळ. जुन्या जावाचा सिलिंडर बिडाचा. झिजेने तो लंबगोल होतो. बोअर मारून तो पुन्हा गोल करायचा आणि त्या मापाचा मोठा पिस्टन घालायचा. ही वाढ पाव पाव मिलिमीटरच्या टप्प्यांनी करतात, म्हणजे पुढच्या खेपेला भिंत शिल्लक राहते. एकूण १ मिलिमीटर वाढ झाली तर घनफळ २५७ घन सेंटिमीटरच्या जवळ जाते. गाडीला त्याने काही होत नाही, पण सिलिंडरचे आयुष्य तेवढे खर्च झालेले असते. बोअरनंतर होनिंग करून भिंतीवर तिरक्या बारीक रेषांची जाळी उमटवतात, कारण आरशासारख्या गुळगुळीत भिंतीवर तेल ठरत नाही.

उरले ते विजेचे काम. सहा व्होल्टची बॅटरी, डायनॅमो आणि ठिणगीची वेळ ठरवणारे प्लॅटिनम पॉइंट. पॉइंटमधली फट ०.४ मिलिमीटर. जुनी जावा सुरू होत नाही तेव्हा माणसे कार्ब्युरेटर खोलतात. बहुतेक वेळा दोष पॉइंटवरच्या काजळीत किंवा अर्थिंगच्या गंजलेल्या स्क्रूमध्ये असतो. सांगाड्याला नवा जाड रंग दिल्यावर वीज सांगाड्यात उतरत नाही, हे तर नेहमीचेच. जिथे वायर सांगाड्याला लागते तिथला रंग खरवडावा लागतो.

नसलेला भाग ओतून घेणे

भंगारातल्या गाडीत काही भाग नसतातच. क्लचचे झाकण, सायलेन्सरची कड, दिव्याचे धरण. बाजारात नक्कल मिळते, पण पुष्कळदा ती पातळ आणि वेडीवाकडी असते. इथे फौंड्री कामाला येते आणि इथेच एक शास्त्रीय सापळा आहे. दुसऱ्याच्या गाडीचा भाग उसना आणून, तो रेतीत दाबून त्यावरून ओतला तर नवा भाग हमखास लहान निघतो. वितळलेला धातू गोठताना आणि थंड होताना आकसतो. बीड सुमारे १ टक्का, ॲल्युमिनियम त्याहून थोडे अधिक. २०० मिलिमीटर लांबीच्या झाकणात बिडाला २ मिलिमीटर आणि ॲल्युमिनियमला अडीच मिलिमीटरच्या आसपास घट येते. एवढ्या फरकाने एकही बोल्टाचे भोक जुळत नाही.

म्हणून पॅटर्न बनवणारा कारागीर मूळ भागाचे माप घेऊन त्यात आकसण्याची आणि नंतर लेथवर छिलण्याची अशी दोन्ही भर घालतो. पॅटर्न रेतीतून न मोडता निघावा म्हणून उभ्या कडांना किंचित उतार देतो. आतल्या पोकळीसाठी कोअर वेगळा करतो. एका झाकणासाठी हा सारा खटाटोप व्यापारी हिशेबात बसत नाही. पण एकदा पॅटर्न झाला की त्याच गाडीच्या पंचवीस मालकांचा प्रश्न सुटतो. जुन्या गाड्यांची मंडळी एकमेकांना धरून का राहतात, याचे कारण हौसेइतकेच या हिशेबात आहे.

गंज, रंग आणि टाकी

टाकीच्या आतला गंज हा सर्वांच्या वाट्याला येणारा प्रश्न. खडे किंवा साखळी घालून टाकी हलवणे हा जुना उपाय. त्याहून सौम्य उपाय विजेचा आहे. टाकीत पाणी भरून त्यात धुण्याचा सोडा विरघळवायचा. तोंडातून एक साधी लोखंडी सळई आत सोडायची, ती टाकीला कुठेही टेकू द्यायची नाही. बॅटरी चार्जरची ऋण बाजू टाकीला आणि धन बाजू सळईला. काही तासांत गंज सुटू लागतो आणि सळई झिजते. तीन पथ्ये मात्र काटेकोर पाळायची. सोड्याऐवजी मीठ वापरायचे नाही, विषारी क्लोरीन निघतो. स्टेनलेस स्टीलची सळई वापरायची नाही, तिच्यातून क्रोमियमचे घातक क्षार पाण्यात उतरतात. आणि हे काम उघड्यावर करायचे, कारण टाकीतून निघणारे बुडबुडे हायड्रोजनचे असतात. याच संदर्भात आणखी एक : रिकामी पेट्रोलची टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची असते. आतली वाफ वेल्डिंगच्या ठिणगीने फुटते. डाग देण्याआधी टाकी वारंवार धुऊन, शक्य तिथवर पाण्याने भरूनच वेल्डरच्या हाती द्यावी.

रंगाबाबत घाई सर्वांत महाग पडते. मरून रंगाची टाकी, तिच्या बाजूला क्रोमचा पत्रा, गुडघ्यापाशी रबर आणि कडेने हाताने ओढलेली सोनेरी रेघ, हे जुन्या जावाचे रूप. ती रेघ स्टिकरने आणली की लगेच ओळखू येते. लांब केसांच्या ब्रशने, एका श्वासात ओढलेली रेघ सुरुवातीला आणि शेवटी किंचित निमुळती होते. फलक आणि सिनेमाचे पडदे रंगवणाऱ्या पेंटरांच्या या गावात तो हात अजून सापडू शकतो. पण त्याच्याकडे जाण्याआधी मूळ रंग खरोखर गेला आहे का, हे पाहावे. साबणाच्या पाण्याने धुऊन, मेण लावून निम्म्या टाक्यांचा मूळ रंग परत दिसू लागतो. विटलेला असला तरी तो कारखान्याचा रंग असतो.

पेट्रोलमधला ऊस

गाडी बांधून झाली, सुरू झाली, म्हणजे काम संपले असे पूर्वी म्हणता येत असे. आता पंपावर नवा प्रश्न उभा असतो. भारतात २०२२ मध्ये पेट्रोलमधले इथेनॉलचे प्रमाण १० टक्क्यांवर गेले आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांवर. त्यातले काही इथेनॉल उसापासून येते आणि कोल्हापूर जिल्ह्याची अर्थव्यवस्था त्या उसाभोवती फिरते. शेतकऱ्याच्या बिलाला इथेनॉलचा आधार आहे, तेलाची आयात त्याने कमी होते. जुन्या गाडीसाठी हे धोरण बदला, असे म्हणणे बालिश होईल. पण त्याचे यंत्रावर काय होते हे ठाऊक असायला हवे.

एक, इथेनॉल हवेतले पाणी शोषते. महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टाकीत ते पाणी तळाशी साचते आणि ज्या गंजाशी आपण झगडलो तो पुन्हा धरतो. दोन, साठ वर्षांपूर्वीचे रबर, बूच आणि नळीचे साहित्य इथेनॉलसाठी बनवलेले नव्हते. ते फुगते किंवा ठिसूळ होते. तीन, आणि दोन-ठोकी इंजिनासाठी हे सर्वांत महत्त्वाचे : इथेनॉलमध्ये वजनाने तिसऱ्या हिश्श्याहून अधिक ऑक्सिजन असतो. जुना जेट तोच ठेवला तर इंजिनाला मिळणारे मिश्रण कोरडे पडते आणि पिस्टन अधिक तापतो. सील फुटल्यावर होते तेच, फक्त वेगळ्या दाराने.

उपाय साधे आहेत. नळ्या आणि सील इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घालावेत. कार्ब्युरेटरचा जेट एक माप मोठा करून प्लगचा रंग पाहावा : पांढुरका दिसला तर मिश्रण कोरडे, कॉफीच्या रंगाचा दिसला तर बरोबर. तेलाचे प्रमाण जुन्या पुस्तकाप्रमाणे एकास पंचवीस, म्हणजे लिटरला ४० मिलिलिटर, त्यात कंजुषी नको. आणि गाडी पावसाळाभर उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करून आत तेलाचा हात फिरवून ठेवावा.

कायद्याच्या नजरेतले ‘मूळ’

२०२१ मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून ‘व्हिंटेज’ वाहनांची स्वतंत्र नोंदणी सुरू केली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे पूर्ण झालेल्या दुचाकी व चारचाकी गाड्यांना ती मिळते. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये, मुदत १० वर्षे, फेरनोंदणीला ५ हजार. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालवता येत नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, रॅली, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणता येते. ज्यांना रोज चालवायची आहे त्यांनी नेहमीच्या नियमाने, १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी तपासणी करून नोंदणी पुढे चालू ठेवायची.

या नियमातली एक अट विचार करायला लावते. गाडी मूळ स्वरूपात जपलेली असावी आणि सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत मोठे फेरफार झालेले नसावेत. पहिल्या लूना आता ५० वर्षांच्या झाल्या आहेत, म्हणजे कायद्याने मेबॅकच्या पंगतीला बसण्याचा मान लूनालाही मिळाला. पण भंगारातून आलेल्या गाडीत मूळ किती? नवा पिस्टन, नवा रॉड, नवे सील, बोअर केलेला सिलिंडर, ओतून घेतलेले झाकण, नवा रंग. या गाडीला ‘१९६८ ची’ म्हणायचे ते कशाच्या बळावर?

काय जपायचे

हा प्रश्न कोल्हापूरला हल्लीच फार मोठ्या प्रमाणावर पडला. शाहू महाराजांनी उभारलेले पॅलेस थिएटर, म्हणजे आजचे केशवराव भोसले नाट्यगृह, १९१५ मध्ये खुले झाले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, ते आगीत सापडले. दुसऱ्या दिवसापासून गावाची मागणी एकच होती : होते तसे उभे करा. जळालेले लाकूड परत येणार नाही हे मागणाऱ्यांनाही ठाऊक होते. त्यांना हवी होती ती जागा, तो आकार, रंगमंचावरून शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचणारा तो आवाज. म्हणजे साहित्य बदलले तरी चालेल, पण जुळणी तीच हवी.

गाडीलाही हेच माप लावता येते. यंत्राचे काही भाग झिजण्यासाठीच केलेले असतात. पिस्टन, सील, बेअरिंग, टायर हे पहिल्या मालकानेही बदलले असतील. ते बदलल्याने गाडीचे मूळपण जात नाही. सांगाडा, क्रँककेस, नंबर आणि जिथे टिकला असेल तिथे रंग, हे मात्र गाडीचे साक्षीदार आहेत. ते जितके कमी हाताळावेत तितके बरे. या दोहोंच्या मध्ये जे येते, उदाहरणार्थ ओतून घेतलेले झाकण, त्यावर आतल्या बाजूला वर्ष कोरून ठेवावे. बाहेरून ते जुन्यासारखेच दिसू दे. उघडणाऱ्याला मात्र कळले पाहिजे की हे नंतरचे आहे. जुन्याच्या नावाने नवे खपवणे आणि जुन्याला नव्याचा आधार देणे यांतला फरक त्या चार आकड्यांत असतो. बाजारात जुन्या गाड्यांच्या किमती वाढत आहेत. तेव्हा तर हा प्रामाणिकपणा अधिकच निकडीचा ठरतो.

आणि एक गोष्ट गाडीच्या बाहेर आहे. क्रँक ठोकून सरळ करणारे, दोन-ठोकी इंजिन आवाजावरून ओळखणारे मिस्त्री आता साठी-सत्तरीत आहेत. पुढच्या पिढीने इंजेक्शन आणि सेन्सरची कामे शिकली, आणि पोटासाठी ते योग्यच झाले. जुन्या मिस्त्रीची विद्या मात्र कुठल्या पुस्तकात नाही. कुठल्या मॉडेलला कुठले सील लागते, कुठल्या दुसऱ्या गाडीची पिन थोडी छिलून चालते, कुठल्या वर्षानंतर आटे बदलले, हे सारे त्याच्या डोक्यात किंवा ग्रीसने माखलेल्या एखाद्या वहीत असते. गाडी भंगारातून परत आणता येते, कारण ती लोखंडाची आहे आणि लोखंड वाट पाहते. वही रद्दीत गेली तर तिच्यासाठी असा उद्योग करणारे कुणी नाही.

म्हणून या दिवाळीत ज्यांच्या घरच्या परसात जुनी गाडी ताडपत्रीखाली उभी आहे त्यांनी ती उघडण्याआधी एक काम करावे. ज्या मिस्त्रीने ती पूर्वी बांधली होती, तो असेल तर त्याच्याकडे जावे, वही घेऊन. त्याने काय, कधी, कशासाठी बदलले होते ते विचारावे आणि त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावे. त्यात काही मापे असतील, काही नावे असतील, काही गावठी युक्त्या असतील. गाडीची फाईल तिथून सुरू होते. पान्हा त्यानंतर हातात घ्यावा.